सामाजिक आणि आरोग्यविषयक विषमतेवरील ऑनलाइन विद्यापीठीय अभ्यासक्रम: नावनोंदणीपासून श्रेयांक जमा होईपर्यंत

गोव्यातील समाजकार्य, समाजशास्त्र किंवा नर्सिंगचे विद्यार्थी, प्राथमिक आरोग्य केंद्रांत काम करणारे कर्मचारी आणि पंचायत पातळीवर काम करणारे कार्यकर्ते यांच्यासाठी हा लेख आहे. या वाचकांचे अभ्यासक्रम अर्धवट राहतात किंवा वाया जातात, त्यामागे विषयाच्या काठिण्यापेक्षा कामाचा चुकलेला क्रम अधिक असतो. कुणी आधी नाव नोंदवतो आणि महाविद्यालयाची परवानगी नंतर मागतो. कुणी सगळी व्याख्याने नेटाने ऐकतो, पण परीक्षेची नोंदणी वेगळी करायची असते हे त्याच्या लक्षात येत नाही. ज्यांचे हे सर्व नीट होते, त्यांतलेही बरेच जण शेवटच्या लेखी कामात गरिबांच्या सवयींना दोष देणारा निबंध लिहून गुण गमावतात. ही शेवटची चूक सर्वांत गंभीर असल्यामुळे खाली आकडेवारी आणि लेखनाच्या टप्प्यांना जास्त जागा दिली आहे.

## टप्पा १: अभ्यासक्रम कशासाठी हवा, ते आधी ठरवा

पदवीच्या गुणपत्रिकेत श्रेयांक (क्रेडिट) हवे असतील, तर तुमचा मार्ग ‘स्वयम’ या केंद्र सरकारच्या मंचावरून जातो. केवळ ज्ञान किंवा कामातील उपयोग हवा असेल, तर ‘कोर्सेरा’, ‘एडएक्स’ किंवा ‘फ्यूचरलर्न’वरील परदेशी विद्यापीठांचे अभ्यासक्रमही चालतात, मात्र त्यांचे प्रमाणपत्र आपल्या विद्यापीठात आपोआप श्रेयांक म्हणून धरले जात नाही. पूर्ण ऑनलाइन पदवी हवी असेल, तर त्या संस्थेला आणि त्याच कार्यक्रमाला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे का, ते आयोगाच्या संकेतस्थळावर पाहावे. अशा प्रवेशासाठी आता डेब-आयडी, म्हणजे याच दूरशिक्षण विभागाचा ओळख क्रमांक, काढावा लागतो.

सावधान: नर्सिंग, वैद्यक, फिजिओथेरपी यांसारख्या शाखांच्या पदव्या ऑनलाइन देण्यास आयोगाची परवानगी नाही. नावात ‘आरोग्य’ असलेल्या एखाद्या ऑनलाइन पदवीची जाहिरात दिसली, तर पैसे भरण्याआधी एवढे जरूर तपासा.

## टप्पा २: अभ्यासक्रम निवडताना साप्ताहिक आराखडा वाचा

शीर्षकावरून निवड करू नये. स्वयमवर हा विषय ‘विषमता’ या नावाखाली क्वचितच सापडतो. आरोग्याचे समाजशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, लिंगभाव आणि आरोग्य, सामाजिक बहिष्करण अशा नावांखाली शोध घ्यावा लागतो. शोधताना शब्द इंग्रजीत टाकावेत, कारण बहुतेक अभ्यासक्रमांची नावे त्याच भाषेत नोंदलेली असतात.

आराखड्यात तीन गोष्टी पाहाव्यात. उत्पन्न, शिक्षण, घर, पाणी, काम, जात आणि लिंग यांसारख्या आरोग्याच्या सामाजिक निर्धारकांना किमान दोन-तीन आठवडे दिले आहेत का? विषमता मोजायची कशी, हे शिकवले आहे का? आणि मूल्यमापन केवळ बहुपर्यायी प्रश्नांवर आहे, की लेखी कामही आहे? ज्या अभ्यासक्रमात लेखी काम नाही, तो पूर्ण करणे सोपे. पण त्यातून स्वतःच्या तालुक्याबद्दल विचार करण्याची सवय लागत नाही. वेळ असेल तर लेखी काम असलेलाच निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमेरिकी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत वर्णभेद आणि खासगी आरोग्य विमा यांवर भर असतो. त्यातील विश्लेषणाची पद्धत आपल्याला उपयोगी आहे, पण तिथले निष्कर्ष जसेच्या तसे गोव्याला लावता येत नाहीत. इथे जात, जमात, स्थलांतर, लिंग आणि तालुक्याचे अंतर या अक्षांवर तोच विचार नव्याने मांडावा लागतो.

## टप्पा ३: परवानगी आधी, नोंदणी नंतर

हा क्रम उलटा झाला की सत्र वाया जाते. आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील एकूण विषयांपैकी कमाल ४० टक्के विषय स्वयमवरून करता येतात. तुमचा अभ्यासक्रम तुमच्या आराखड्यात कोणत्या विषयाच्या जागी बसतो, हे मात्र तुमचे विद्यापीठ आणि महाविद्यालयच ठरवते. म्हणून पुढील क्रम पाळावा.

१. अभ्यासक्रमाच्या पानाची प्रत काढावी. त्यात आठवड्यांची संख्या, श्रेयांक, समन्वयक संस्था आणि परीक्षेची तारीख दिसली पाहिजे.
२. ती प्रत जोडून विभागप्रमुखांकडे किंवा महाविद्यालयाच्या स्वयम समन्वयकाकडे लेखी अर्ज करावा. हे श्रेयांक कोणत्या विषयाऐवजी धरले जाणार, ते अर्जातच विचारावे.
३. लेखी उत्तर मिळाल्यावरच नाव नोंदवावे. ‘चालेल, करा’ एवढ्या तोंडी आश्वासनावर थांबू नये.
४. डिजिलॉकरमधून अॅकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा, म्हणजे श्रेयांक जिथे जमा होतात त्या खात्याचा, १२ अंकी क्रमांक काढून ठेवावा.

तपासून पाहा: आधार, बारावीची गुणपत्रिका, महाविद्यालयाचे ओळखपत्र आणि स्वयमचे खाते या चारही ठिकाणी नाव अक्षरशः सारखे आहे का? आपल्याकडे एका कागदावर नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असते, तर दुसऱ्यावर फक्त नाव आणि आडनाव. लग्नानंतर आडनाव बदललेल्या विद्यार्थिनींचा घोळ तर आणखी वाढतो. ‘नाईक’ किंवा ‘गावडे’ यांच्या इंग्रजी स्पेलिंगमधील एका अक्षराचा फरकही श्रेयांक जमा होताना आडवा येतो. दुरुस्ती आताच करावी; निकाल लागल्यावर ती फार किचकट होते.

परदेशी मंचांवर ही परवानगी लागत नाही, पण आर्थिक सवलतीचा अर्ज सुरुवातीलाच करावा. कोर्सेरावर असा अर्ज प्रत्येक अभ्यासक्रमासाठी वेगळा असतो आणि निर्णयाला साधारण दोन आठवडे लागतात. एडएक्सवर फुकट शिकण्याची मुदत मर्यादित असते. ती संपली की साहित्य बंद होते.

## टप्पा ४: वेळ, नेटवर्क आणि वही

आठवड्याचे चार ते सहा तास आधीच बांधून घ्यावेत. जुलै सत्र पावसाळ्यात सुरू होते. त्या दिवसांत सत्तरी, सांगे, धारबांदोडा आणि काणकोणच्या आतल्या गावांत वीज आणि नेटवर्क दोन्हींचा भरवसा नसतो, म्हणून नेट मिळेल तेव्हाच पुढच्या आठवड्याची व्याख्याने अॅपमध्ये उतरवून ठेवावीत आणि साप्ताहिक चाचणी शेवटच्या दिवसावर ढकलू नये. परदेशी अभ्यासक्रमांत अंतिम वेळ अनेकदा जागतिक प्रमाणवेळेत दिलेली असते. त्या घड्याळातील रात्रीचे ११:५९ म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या दिवशी पहाटेचे ५:२९. तारीख वहीत लिहिताना ती भारतीय वेळेत बदलूनच लिहावी.

वहीत प्रत्येक संकल्पनेसमोर तुमच्या तालुक्यातील एक उदाहरण लिहीत जावे. ही वहीच पुढे लेखी कामाचा कच्चा माल ठरते. सुरुवातीला दोन मांडण्या पक्क्या समजून घ्याव्यात, कारण उरलेला अभ्यासक्रम त्यांच्यावरच उभा असतो. मार्गारेट व्हाइटहेड यांच्या मांडणीनुसार आरोग्यातील जो फरक अनावश्यक, टाळता येण्याजोगा आणि अन्याय्य असतो, तोच या अभ्यासाचा विषय आहे. वृद्धांमध्ये तरुणांपेक्षा मृत्यू अधिक होतात, हा फरक त्यात मोडत नाही. दुसरी मांडणी वेल्समधील डॉक्टर ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ मध्ये केली: चांगली वैद्यकीय सेवा जिथे तिची गरज जास्त असते, तिथेच कमी उपलब्ध असते. याशिवाय, मायकेल मार्मट यांच्या अध्यक्षतेखालील जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाचा २००८ चा अहवाल बहुतेक सर्व अभ्यासक्रमांत येतो. त्याचा सारांश तरी मुळातून वाचावा.

## टप्पा ५: गोव्याचे आकडे वापरण्याआधी त्यांच्या मर्यादा ओळखा

‘गोवा हे देशातील प्रगत राज्यांपैकी एक असल्यामुळे येथे आरोग्याची विषमता फारशी नाही’ हे वाक्य विद्यार्थ्यांच्या लेखनात हमखास येते. राज्याची सरासरी चांगली असणे आणि राज्यात विषमता नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सरासरी चांगली असली की मागे राहिलेले गट तिच्याआड झाकले जातात, आणि नेमके तेच शोधून काढणे हे या अभ्यासाचे काम आहे. त्यासाठी प्रत्येक स्रोताच्या मर्यादा माहीत हव्यात.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण. २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत उत्तर गोवा आणि दक्षिण गोवा या दोन जिल्ह्यांची स्वतंत्र पत्रके आहेत, पण तालुक्यांचे आकडे नाहीत. दक्षिण गोव्याचा आकडा काणकोणच्या नावावर लिहिणे ही उघड चूक आहे, कारण त्या आकड्यात मडगाव आणि वास्कोही येतात. दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. या सर्वेक्षणात संपत्तीचे पाच गट देशपातळीवर पाडलेले असतात. त्यामुळे गोव्यातील बहुतांश कुटुंबे वरच्या दोन गटांत येतात आणि सर्वांत खालच्या गटात इतकी थोडी उरतात की त्यांच्यावरून निष्कर्ष काढता येत नाही. गोव्यात गरीब म्हणून जगणारे कुटुंब देशाच्या मापाने मध्यम ठरू शकते. तेवढ्यावरून त्याच्या वाट्याच्या अडचणी कमी होत नाहीत.

जनगणना. गावनिहाय माहितीसाठी २०११ ची जनगणना वापरता येते, पण दर वेळी वर्ष लिहावे. किनारी तालुक्यांची आणि मुरगावची वस्ती त्यानंतर खूप बदलली आहे. अनुसूचित जमातींची लोकसंख्या तेव्हा राज्याच्या सुमारे १० टक्के होती. गावडा, कुणबी आणि वेळीप या समाजांना हा दर्जा २००३ मध्ये मिळाला. धनगर समाज त्या यादीत नाही. म्हणजे ‘अनुसूचित जमाती’ या शीर्षकाखालील आकड्यांत डोंगरभागातील धनगर कुटुंबे मोजली जात नाहीत, हे लिहिणाऱ्याने लक्षात ठेवलेच पाहिजे.

रुग्णालयांची आकडेवारी. बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) सिंधुदुर्ग आणि कारवारहूनही रुग्ण येतात. त्यामुळे गोमेकॉतील एखाद्या आजाराच्या रुग्णसंख्येला गोव्याच्या लोकसंख्येने भागून दर काढला, तर तो चुकीचा येतो. वर मोजलेली माणसे आणि खाली भागाकारात घेतलेली माणसे एकाच वस्तीतील असली पाहिजेत. शिवाय रुग्णालयात पोचलेलेच तिथे मोजले जातात. जे पोचू शकले नाहीत ते कोणत्याच रजिस्टरात नसतात, आणि विषमतेच्या अभ्यासात तेच सर्वांत महत्त्वाचे.

तपासून पाहा: लेखातील प्रत्येक आकड्याला वर्ष, प्रदेश आणि ‘कोणाचा आकडा’ या तीन बाबी जोडलेल्या आहेत का? यांतील एकही नसेल, तर आकडा काढून टाकणे बरे.

## टप्पा ६: माणसांशी बोलण्याआधी

लेखी कामासाठी ओळखीच्या दोन-चार कुटुंबांशी बोलावेसे वाटणे स्वाभाविक आहे आणि ते उपयोगीही आहे. मात्र लहान वाड्यावर (गावातील वस्तीत) नाव बदलल्याने ओळख लपत नाही. गाव, समाज, वय आणि आजार एवढे चार तपशील एकत्र आले की शेजाऱ्याला ती व्यक्ती कोण हे लगेच कळते. म्हणून गावाऐवजी तालुका, नेमक्या वयाऐवजी वयोगट लिहावा. आजार दुर्मीळ असेल तर तो व्यापक वर्गात सांगावा. बोलण्याआधी हेतू स्पष्ट सांगून संमती घ्यावी आणि नकार आला तर कारण विचारत बसू नये. फोटो काढू नयेत.

सावधान: तुम्ही आरोग्य केंद्रात नोकरीला असाल, तर ओपीडीचे रजिस्टर किंवा केसपेपर अभ्यासक्रमाच्या कामासाठी वापरू नका. तुम्हाला ते कामापुरते पाहण्याचा अधिकार आहे. अभ्यासासाठी वापरायला वरिष्ठांची लेखी परवानगी, आणि संशोधन असेल तर नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. एचआयव्ही असलेल्या व्यक्तीची ओळख तिच्या संमतीविना उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे.

## टप्पा ७: लेखी काम: दोष माणसांवर ढकलू नका

विद्यार्थी साधारण असा परिच्छेद लिहितात:

‘काणकोण तालुक्यातील दुर्गम वाड्यांवरील महिला अज्ञान आणि जुन्या समजुतींमुळे गरोदरपणात वेळेवर तपासणीस जात नाहीत. त्यांच्यात जनजागृती करणे गरजेचे आहे.’

यात पुरावा नाही, दोष त्या महिलांवर आहे आणि उपाय जनजागृतीपाशी संपतो. अनुभवी परीक्षक हा परिच्छेद पाहताच गुण कापतो, आणि ते योग्यच आहे. आता तीच गोष्ट उलट्या टोकाकडून तपासावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात नसलेली तपासणी मडगावला किंवा बांबोळीला करायची असेल, तर त्या बाईचा दिवस कसा जातो? वाड्यावरून बसथांब्यापर्यंत चालत जाणे, सकाळची कदंब किंवा खासगी बस पकडणे, पुढे बस बदलणे, ओपीडीच्या रांगेत थांबणे आणि परतीची शेवटची बस चुकणार नाही हे सांभाळणे. गरोदर बाई एकटी जात नाही, म्हणून सोबत नवरा किंवा सासू. रोजंदारीवरच्या घरात दोघांची मजुरी बुडते. घरी लहान मूल असेल तर त्याला कुणाकडे तरी ठेवावे लागते. अहवाल त्याच दिवशी मिळाला नाही तर हा सगळा खटाटोप पुन्हा. हे प्रश्न प्रत्यक्ष विचारून, मिळालेल्या उत्तरांवरून परिच्छेद नव्याने लिहावा:

‘तपासणी मोफत असली, तरी ती घेण्यासाठी रोजंदारीवरील कुटुंबाला दोन माणसांच्या एका दिवसाच्या मजुरीवर पाणी सोडावे लागते. पगारी रजा असलेल्या कुटुंबाला हा भुर्दंड पडत नाही. बोललेल्या महिलांना तपासणीचे महत्त्व ठाऊक होते; त्यांनी पुढे ढकलण्याचे कारण म्हणून बसची वेळ आणि बुडणारी मजुरी सांगितली. त्यामुळे तपासणीचा दिवस स्थानिक केंद्रात ठेवणे किंवा प्रवास आणि मजुरीची भरपाई देणे हे उपाय आधी विचारात घ्यावे लागतील.’

उत्तरे वेगळी आली, समजुतींचा भाग खरोखर मोठा निघाला, तर तसे लिहावे. पण विचारल्याशिवाय लिहू नये.

यानंतर कारणांची साखळी दूरवर नेऊन पाहावी. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा या गोवा सरकारच्या आरोग्य विमा योजनेत तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. अट गोव्यात किमान पाच वर्षे वास्तव्याची. गेल्या वर्षी पर्वरीतील बांधकामावर किंवा झुआरीनगरच्या वस्तीत आलेला मजूर या छत्राबाहेर राहतो. इथे विषमता कुणाच्या सवयीतून नव्हे, तर पात्रतेच्या नियमातून आली आहे. लेखात असा नियम नेमका दाखवता आला, तर तुमचे विश्लेषण वरवरचे राहत नाही.

साखळी नेताना उडी मात्र मारू नये. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ८८ खाण लीज रद्द केल्यावर खाणपट्ट्यातील कुटुंबांचे उत्पन्न घटले, हे सर्वज्ञात आहे. पण ‘म्हणून तेथील आजार वाढले’ असे पुराव्याविना लिहिता येत नाही. खाण बंद झाल्याने धूळही घटते, आणि दोन्ही परिणाम एकमेकांविरुद्ध जाऊ शकतात.

पुरावा शोधताना परदेशी उदाहरणांकडे धावण्याआधी गोव्यातील संशोधन पाहावे. नैराश्य आणि चिंतेच्या विकारांवरील ‘मानस’ हा प्रयोग गोव्यातच झाला आणि २०१० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यात वैद्यकीय पदवी नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांना १२ सरकारी आणि १२ खासगी प्राथमिक उपचार केंद्रांत नेमले होते. सरकारी केंद्रांतील रुग्णांना त्याचा स्पष्ट लाभ दिसला, खासगी केंद्रांत तसा फरक आढळला नाही. हा फरक का पडला असावा, या प्रश्नावर एक उत्तम लेखी काम होऊ शकते.

भाषेबद्दल एक सूचना. आधी मराठीत विचार मांडून मग इंग्रजीत लिहिणे चांगले. पण मराठी मजकूर यंत्राने भाषांतरित करून तसाच पाठवला, तर ‘वाडा’ म्हणजे श्रीमंतांची हवेली होते आणि ‘पंच’ म्हणजे ठोसा. ओळन् ओळ स्वतः वाचावी. दुसऱ्याचे वाक्य घेतल्यास स्रोत द्यावा. कोर्सेरावर सहाध्यायी एकमेकांचे काम तपासतात. तपासणारा ब्राझीलचा असू शकतो, म्हणून तालुका, पंचायत, वाडा हे शब्द पहिल्याच वापरात एका वाक्यात समजावून सांगावेत. तुमच्या वाट्याचे इतरांचे काम तपासल्याशिवाय तुमचा निकाल दिसत नाही, हेही विसरू नये.

## टप्पा ८: परीक्षा आणि श्रेयांक

स्वयमवर नाव नोंदवणे म्हणजे परीक्षेला बसणे नव्हे. परीक्षेची नोंदणी सत्राच्या मध्यावर वेगळी उघडते, शुल्क वेगळे असते आणि मुदत संपली की पुढच्या सत्राची वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसते. एनपीटीईएल या स्वयमच्या समन्वयक संस्थेच्या अभ्यासक्रमांत साप्ताहिक कामाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण असतात. १२ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात साप्ताहिक कामांतील सर्वोत्तम ८ धरली जातात. विद्यापीठ अनुदान आयोग आणि सीईसी या दुसऱ्या समन्वयक संस्थांच्या अभ्यासक्रमांत हे प्रमाण बहुधा ३० आणि ७० असते. दोन्ही भागांत स्वतंत्रपणे ४० टक्के लागतात, त्यामुळे परीक्षा उत्तम गेली तरी साप्ताहिक कामे सोडलेल्याला प्रमाणपत्र मिळत नाही.

परीक्षा केंद्र निवडताना ते सकाळच्या सत्राला वेळेवर गाठता येईल का, हे परीक्षेच्या दिवशीच्या बस लक्षात घेऊन ठरवावे.

निकालानंतर प्रमाणपत्र उतरवून घ्यावे, त्याची प्रत परवानगीच्या पत्रासह परीक्षा विभागात देऊन पोच घ्यावी आणि अॅकॅडेमिक बँकेच्या खात्यात श्रेयांक दिसतात का ते पाहावे. दिसत नसतील, तर आधी नावातील फरक आणि मग १२ अंकी क्रमांक तपासावा. पुढच्या सत्राची गुणपत्रिका हाती आल्यावर त्या विषयासमोर श्रेयांक छापले आहेत की नाहीत, हे त्याच दिवशी पाहून चूक असल्यास लेखी कळवावे.